मानेतल्या न दिसणाऱ्या गाठी

सकाळी साताऱ्याकडून येणाऱ्या गाड्या स्वारगेटला रिकाम्या होऊ लागल्या की उतरणाऱ्यांतले काही जण लगेच ओळखू येतात. कपड्यांच्या पिशवीबरोबर हातात सोनोग्राफीचं मोठं पाकीट असतं, फाइल छातीशी धरलेली असते आणि सोबतचा माणूस रिक्षा शोधत असतो. कऱ्हाड, सांगली, फलटण, बारामती या बाजूंनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत निघालेल्या कितीतरी रुग्णांचा पुण्यात पहिला पाय पडतो तो इथे, जेधे चौकाच्या गर्दीत.

यातल्या एखाद्या बाईला थायरॉईडचा कॅन्सर निघालेला असतो. तिच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचा कागद असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की मानेत संशयास्पद लसिका ग्रंथी दिसल्या नाहीत. सर्जन मात्र तिला सांगतात की थायरॉईडबरोबर मानेच्या मधल्या भागातल्या काही गाठीही काढाव्या लागतील, त्यांत आजार निघण्याची शक्यता आहे. परतीच्या प्रवासात ती विचार करत राहते. दिसल्याच नाहीत, तर काढायच्या कशाला? आणि आजार आत असेल, तर मशीनला दिसला कसा नाही?

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरचे थायरॉईड-सर्जन नेमक्या याच प्रश्नावर वाद घालत आहेत. ऑपरेशनच्या आधी, मान न उघडता, आजार लसिका ग्रंथींत गेला आहे की नाही याचा अंदाज बांधता येईल का? आणि अंदाज बांधता आला, तर त्याचं करायचं काय? मला स्वतःला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार मोठा वाटतो.

सुरुवातीलाच भाषेची एक अडचण सोडवून घेऊ. थायरॉईडमध्ये वाढलेला गोळा म्हणजे गाठ. जबड्याखाली, मानेत, काखेत जन्मापासून असलेली लसिका ग्रंथी सुजली की तिलाही आपण गाठच म्हणतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती हीच लसिका ग्रंथी, आपलं काम करताना सुजलेली. ‘मानेत गाठी आहेत’ हे वाक्य कानावर पडलं की रुग्णाला वाटतं, कॅन्सरच्या अनेक गाठी आहेत. खरं तर लसिका ग्रंथी प्रत्येकाच्याच मानेत असतात. शरीरातल्या सगळ्या मिळून आठशेच्या आसपास धरल्या, तर त्यांतल्या तीनशेच्या घरात एकट्या मानेत असतात. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी हा फरक करायचा प्रयत्न केला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड ही चारही दुखणी शेजारी शेजारी मांडली आहेत, पण वेगवेगळी. गळ्यासमोरचा फुगवटा तो गलगंड. जबड्याखाली, मानेत, काखेत उठणाऱ्या गाठींची माळ ती अपची. पुढे या लेखात थायरॉईडमधल्या गोळ्याला मी गाठ म्हणेन आणि दुसऱ्यांना लसिका ग्रंथी.

रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणारं नळ्यांचं एक वेगळं जाळं शरीरात असतं. त्या पाण्याला लसिका म्हणतात, आणि वाटेत ठिकठिकाणी ती गाळणारी नाकी म्हणजे लसिका ग्रंथी. थायरॉईडच्या कॅन्सरचे चार मुख्य प्रकार आहेत. त्यांतला पॅपिलरी हा सर्वांत जास्त आढळणारा, शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांत असणारा. तो पसरतो तो मुख्यतः या जाळ्यातून. फॉलिक्युलर प्रकार रक्तातून हाडांकडे, फुप्फुसांकडे जाण्याची खोड असलेला. मेड्युलरी हा थायरॉईडमधल्याच पण वेगळ्या पेशींतून उगवणारा, त्याच्याकडे नंतर येऊ. चौथा ॲनाप्लास्टिक, दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक. त्यात भाकितं करत बसायला वेळच मिळत नाही.

पॅपिलरी कॅन्सरच्या पेशी लसिकेबरोबर निघाल्या की साधारण ठरलेल्या रस्त्याने जातात. सर्जनांनी मानेचे सात भाग पाडले आहेत. थायरॉईडच्या सगळ्यांत जवळचा तो सहावा, म्हणजे हनुवटीखालच्या कंठिकास्थीपासून छातीच्या हाडाच्या खाचेपर्यंत, दोन्ही बाजूंच्या मोठ्या रोहिण्यांच्या मधला पट्टा. पहिला थांबा बहुतेकदा हाच असतो. तिथून पुढे मानेच्या बाजूंना, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या भागांत. पण गाठ थायरॉईडच्या वरच्या टोकाला असेल, तर काही वेळा पेशी मधला पट्टा टाळून सरळ बाजूच्या ग्रंथींत जाऊन बसतात. स्वारगेटहून साताऱ्याला विनाथांबा गाडी सुटते, तिला खेड शिवापूर किंवा शिरवळ लागतं, पण ती थांबत नाही. तसाच हा प्रकार. त्यामुळे मधला पट्टा स्वच्छ निघाला म्हणून बाजूही स्वच्छच असेल असं खात्रीनं म्हणता येत नाही.

मग सरळ मधला पट्टा सगळ्यांचाच साफ करून का टाकू नये? अनेक ठिकाणी अनेक वर्षं तसं केलंही गेलं. पण त्या चिंचोळ्या पट्टीत लसिका ग्रंथी एकट्या राहत नाहीत.

श्वासनलिकेच्या दोन्ही कडांनी स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन बारीक नसा तिथूनच वर चढतात. त्यांचा मार्ग विलक्षण आहे. मेंदूकडून निघून त्या आधी छातीपर्यंत खाली येतात, डावी महारोहिणीला वळसा घालते, उजवी हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला, आणि मग उलट वर फिरून गळ्यात येतात. म्हणून त्यांचं नावच परतीची नस असं पडलं आहे. एकीला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्हींना लागला तर श्वासाचीच पंचाईत. आणखी एक नस थायरॉईडच्या वरच्या टोकाजवळून जाते आणि स्वरतंतूंना ताण देते. तिला इजा झाली तर बोलणं ठीक राहतं, पण तार सप्तक हातचं जातं. स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर मुकुंदनगरच्या मैदानावर अलीकडे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. तिथे षड्ज लावणाऱ्या गळ्यात काय काय नाजूक सामान भरलेलं असतं, हे ऑपरेशन टेबलावर उभ्या असलेल्या सर्जनला पुरतं ठाऊक असतं. आणि आवाज काही गवयांनाच लागतो असं नाही. शाळेतल्या बाईंना लागतो, भाजीवालीला लागतो, लांबून लेकराला हाक मारणाऱ्या आईला लागतो.

नसांशेजारी चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, प्रत्येकी तुरीच्या डाळीएवढी. थायरॉईडशी नावापुरतं नातं. काम रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्याचं. त्यांचा शोध लागण्याची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या पहिल्यांदा दिसल्या. माणसात त्या नीट शोधून काढल्या स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी, १८८० मध्ये. त्यांतल्या खालच्या दोन नेमक्या सहाव्या भागातल्या लसिका ग्रंथींत मिसळून बसलेल्या असतात, रंगही जवळपास सारखा. लसिका ग्रंथी काढताना या निघून गेल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. बहुतेकांत हे काही आठवड्यांत सुधारतं. काही जणांना मात्र जन्मभर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

आता कळेल की आधीच अंदाज हवा कशासाठी. ज्यांच्या ग्रंथींत आजार आहे त्यांच्याच काढाव्यात आणि बाकीच्यांच्या नसांना, पॅराथायरॉईडना हात लावू नये, इतका साधा हेतू.

पहिलं साधन सोनोग्राफी. चांगली लसिका ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मध्यावर चरबीची एक उजळ रेघ दिसते. कॅन्सर शिरला की ती गोल होऊ लागते, रेघ पुसली जाते, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके किंवा पाण्याचे कप्पे दिसतात, रक्तप्रवाह मधून न येता कडांनी येऊ लागतो. मानेच्या बाजूच्या ग्रंथींत हे सगळं अनुभवी डोळ्यांना बऱ्यापैकी दिसतं. मधल्या पट्ट्यात मात्र वर थायरॉईड पसरलेलं, मागे हवेनं भरलेली श्वासनलिका, आणि ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. शिवाय तिथल्या ग्रंथी काही मिलिमीटरच्या. म्हणून मधल्या पट्ट्यातले बहुतेक बारीक प्रसार सोनोग्राफीला दिसत नाहीत. रिपोर्टवर ‘दिसल्या नाहीत’ असं लिहिणारा डॉक्टर खरंच लिहितो. त्यातून ‘नाहीत’ असा अर्थ आपण काढतो.

आपल्या देशात यात आणखी एक गुंता आहे आणि परदेशी लेखांत तो सहसा सापडत नाही. आपल्याकडे मानेतली सुजलेली ग्रंथी क्षयाची असू शकते. जुन्या लोकांची गंडमाळा ती हीच. क्षयाच्या ग्रंथीतही मधली रेघ पुसली जाते, आत पोकळी होते, जुनी झाली की कॅल्शियमही साठतं. थायरॉईडचा कॅन्सर आणि मानेत क्षय, दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, आणि केवळ चित्रावरून त्या ग्रंथीला कॅन्सरची म्हणणं चूक ठरू शकतं. इथे सुईची तपासणी उपयोगी पडते. ग्रंथीत बारीक सुई घालून पेशी काढतात आणि सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन मोजतात. हे प्रथिन थायरॉईडच्या पेशींशिवाय शरीरात दुसरं कोणी बनवत नाही. मानेच्या बाजूच्या ग्रंथीत ते भरपूर सापडलं, तर थायरॉईडच्या पेशी तिथे पोहोचल्या आहेत यात शंका उरत नाही. त्याच मालाची सीबीनॅट चाचणी करून क्षयाचाही निकाल लावता येतो. खर्च फार नाही, आणि हाती येणारी खात्री मोठी. माझ्या मते बाजूच्या कुठल्याही संशयास्पद ग्रंथीची ही तपासणी ऑपरेशनआधी व्हायलाच हवी.

जे सुईलाही सापडत नाही, त्यासाठी भाकितं आहेत. कोणत्या रुग्णांच्या ग्रंथींत आजार जास्त वेळा निघतो हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसलं आहे. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा मोठी असणं, एकाऐवजी अनेक गाठी असणं, गाठीनं थायरॉईडचं आवरण ओलांडलेलं असणं, पेशींचा काही विशिष्ट आक्रमक नमुना असणं. वय कमी असणं. आणि पुरुष असणं. हे शेवटचं लक्षात ठेवण्यासारखं आहे. थायरॉईडचा कॅन्सर बायकांत पुरुषांच्या जवळपास तिप्पट आढळतो, पण झाला की ग्रंथींत पसरण्याचं प्रमाण पुरुषांत अधिक. बीआरएएफ नावाच्या जनुकातला एक बदल सुमारे निम्म्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये सापडतो आणि तोही प्रसाराकडे थोडा झुकतो. पण जो निम्म्यांत सापडतो तो निवड करायला फार मदत करत नाही, हे उघड आहे.

या सगळ्याची बेरीज करणारी प्रारूपं गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या संख्येनं आली, विशेषतः चीनमधल्या मोठ्या रुग्णालयांतून. काहींत पट्टीसारखा तक्ता असतो. वयाला इतके गुण, आकाराला इतके, लिंगाला इतके. बेरीज करा आणि खालच्या पट्टीवर शक्यतेची टक्केवारी वाचा. काहींत संगणक सोनोग्राफीची हजारो चित्रं पाहून स्वतःच नियम शिकतो आणि मानवी डोळ्याला न दिसणारी बारीक रचना टिपतो. त्यांच्या अचूकतेचा एक आकडा शोधनिबंधांत असतो, बहुतेकदा ०.७ ते ०.८ च्या दरम्यान. त्याचा अर्थ असा. प्रसार असलेला एक रुग्ण आणि नसलेला एक, असे दोघे प्रारूपापुढे ठेवले, तर शंभरातल्या सत्तर-ऐंशी वेळा ते प्रसारवाल्याला जास्त गुण देईल. नाणं उडवलं असतं तरी पन्नास वेळा बरोबर आलंच असतं.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका हिशेबात पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. शंभर जणींपैकी चाळीस जणींच्या मधल्या पट्ट्यात लपलेला प्रसार आहे, आणि प्रारूप दोन्ही बाजूंनी शंभरात सत्तर वेळा बरोबर आहे असं धरा. ते चाळीसपैकी अठ्ठावीस पकडेल, बारा सोडेल. उरलेल्या साठांपैकी अठरा जणींना विनाकारण ‘प्रसार आहे’ म्हणेल. म्हणजे सेहेचाळीस जणींना धोका सांगितला, त्यातल्या अठ्ठावीस खऱ्या. आता हेच प्रारूप अशा दवाखान्यात न्या जिथे शंभरातल्या वीसच जणींना प्रसार असतो. चौदा पकडेल, आणि चोवीस जणींना फुकट घाबरवेल. एकच तक्ता, तेच नियम, पण इथे खोटी भीती खऱ्या धोक्यापेक्षा जास्त झाली. म्हणून एका शहरातल्या रुग्णांवर शिकलेलं प्रारूप पुण्यात आणून तसंच वापरणं धोक्याचं आहे. आधी इथल्या रुग्णांवर ते तपासून, इथल्या प्रमाणाप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं. आणि इथे क्षयही आहे, जो त्या प्रारूपानं कदाचित पाहिलेलाच नाही.

आणखी एक खोच आहे. अशी प्रारूपं ज्यांच्या लसिका ग्रंथी काढल्या गेल्या त्यांच्यावरच शिकतात, कारण त्यांच्याच ग्रंथींचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असतो. ज्यांना हातच लावला नाही, त्यांचं काय होतं ते त्यात नसतं. शिवाय पॅथॉलॉजिस्टनं ग्रंथीचे पातळ काप जितके जास्त केले तितके पेशींचे बारीक पुंजके जास्त सापडतात. म्हणून लपलेल्या प्रसाराचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात तीसपासून ऐंशीपर्यंत इतकं बदलतं. काही ठिकाणी आजार खरंच जास्त असेल, पण बऱ्याच वेळा शोध जास्त कसून घेतलेला असतो.

आणि इथेच दुसरा, मोठा प्रश्न येतो. शोधून काढलं, तर त्याचं करायचं काय?

याचं सगळ्यांत सुंदर उत्तर महाराष्ट्रातच मिळालं आहे, पण ते थायरॉईडचं नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरवर हाच प्रश्न घेतला. जीभ किंवा गालाची गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही, दिसत नाही. अशा वेळी मानेच्या लसिका ग्रंथी सुरुवातीलाच काढायच्या, की थांबून आजार दिसला तरच काढायच्या? २००४ पासून दहा वर्षं रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तीन वर्षांनी, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे साधारण आठ जणांची मान आधी साफ केली की एकाचा जीव वाचत होता. जगभरचा वाद त्या एका अभ्यासानं मिटवला. तंबाखूनं पोखरलेल्या देशातल्या रुग्णांनी तो मिटवला, याचा मला अभिमानही वाटतो आणि दुःखही.

तीच मान, तशाच लसिका ग्रंथी, पण थायरॉईडमध्ये निकाल उलटा. इटलीत पिसा इथे १८१ रुग्णांवर असाच अभ्यास झाला आणि त्याचा निकालही २०१५ मध्येच आला. पॅपिलरी कॅन्सर, मानेत काही दिसत नाही. अर्ध्यांचं फक्त थायरॉईड काढलं, अर्ध्यांचा मधला पट्टाही साफ केला. साफ केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या ग्रंथींत लपलेला आजार खरोखर निघाला. तरीही पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत फरक नव्हता. फरक होता तो कॅल्शियमचा. ग्रंथी काढलेल्यांत पॅराथायरॉईड कायमच्या गमावलेले जास्त होते.

जिभेच्या कॅन्सरची लसिका ग्रंथीतली पेशी माणसाला मारायला निघालेली असते. पॅपिलरी थायरॉईड कॅन्सरची तशीच पेशी बहुतेक वेळा तिथे वर्षानुवर्षं नुसती बसून राहते. प्रसार हा शब्द दोन्हीकडे एकच, आणि रुग्ण मात्र शेजाऱ्याच्या तोंडाच्या कॅन्सरवरून आपल्या थायरॉईडचं भविष्य वाचत असतो.

याचा पुरावा आजाराच्या टप्प्यांच्या जागतिक मोजणीतही आहे. २०१८ पासून लागू असलेल्या आठव्या आवृत्तीनुसार ५५ वर्षांखालच्या रुग्णाच्या मानेतल्या कितीही लसिका ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सर असला, तरी तो पहिल्या टप्प्यातच धरतात. फुप्फुसांपर्यंत गेला तरी दुसऱ्या. तरुणांमध्ये ग्रंथींत पसरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आणि मरणाचं सर्वांत कमी, हा या आजाराचा स्वभावच आहे.

जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांनी १९९३ पासून याहून धीट वाट धरली. एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी गाठ असेल आणि धोक्याची दुसरी चिन्हं नसतील, तर ऑपरेशनच करायचं नाही, दर वर्षी सोनोग्राफी करत राहायचं. १२३५ रुग्णांचा हिशेब त्यांनी मांडला. दहा वर्षांत ३.८ टक्के रुग्णांच्या ग्रंथींत नवा प्रसार दिसला. त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं, आणि उशीर झाला म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. थांबून पाहणं हीसुद्धा भाकीत करायचीच एक पद्धत आहे, आणि त्यात गाठ स्वतःच आपला स्वभाव सांगते. दक्षिण कोरियात याच्या उलट घडलं. तपासणीच्या कार्यक्रमांत गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरची नोंद पंधरा पट झाली. मृत्यूंची संख्या होती तिथेच राहिली. काही त्रास नसताना ‘सगळं एकदा तपासून घेऊ’ म्हणून पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी करून घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

पण लसिका ग्रंथींकडे दुर्लक्ष करावं असा याचा अर्थ कोणी काढू नये. डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा प्रसार ही वेगळी गोष्ट आहे. तीन सेंटिमीटरहून मोठी ग्रंथी, आवरण फोडून बाहेर आलेला आजार, मानेच्या बाजूंना सिद्ध झालेला प्रसार, विशेषतः ५५ च्या पुढे, यांत आजार परत येण्याची शक्यता बरीच वाढते आणि तिथे नीट, पूर्ण ऑपरेशनला पर्याय नाही. अशा रुग्णांना पुढे आयोडीनचा डोसही लागतो. त्यातलं किरणोत्सारी आयोडीन थायरॉईडच्या उरलेल्या पेशी जिथे असतील तिथे शोधून जाळतं. आपल्याकडे हे शास्त्र रुजलं ते भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळमधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमुळे, १९६३ पासून, आणि हे आयोडीन तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं.

मेड्युलरी कॅन्सरची गोष्ट तर अगदीच वेगळी. थायरॉईड कॅन्सरमध्ये तो शंभरात तीन-पाच जणांनाच होतो, पण भाकीत कसं असावं ते त्याच्याकडून शिकावं. त्याच्या पेशी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. जर्मनीतल्या हाले इथल्या मॅखेन्स आणि ड्राले यांनी ३०० रुग्णांचे रक्तातले आकडे आणि ऑपरेशनमध्ये निघालेल्या ग्रंथी यांचा मेळ घालून २०१० मध्ये दाखवलं की आकडा २० च्या वर गेला की गाठीच्या बाजूच्या ग्रंथींत आजार सापडू लागतो, ५० च्या वर मधल्या पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, २०० च्या वर मानेच्या पलीकडच्या बाजूला, आणि ५०० च्या वर छातीच्या वरच्या भागात. ही मोजणी एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅमची. एका रक्ततपासणीत जवळजवळ नकाशाच हाती येतो. इथे हे भाकीत वापरावंच लागतं, कारण या प्रकारावर आयोडीनचा डोस चालत नाही आणि पहिलं ऑपरेशन हीच बरं होण्याची सर्वांत मोठी संधी असते. सुईच्या तपासणीत मेड्युलरीची शंका आली आणि तरीही कॅल्सिटोनिन न पाहता ऑपरेशन झालं, तर ती संधी वाया जाऊ शकते.

पॅपिलरीच्या रुग्णाला कोणी संगणकाचा आकडा दाखवला, तर मी तो फेकून द्या म्हणणार नाही. गाठ मोठी आहे, थायरॉईडबाहेर आली आहे, वय आणि चित्र प्रसाराकडे झुकतंय, अशा वेळी मधला पट्टा साफ करण्याचा सर्जनांचा निर्णय योग्यच असतो, आणि वर्षाला भरपूर थायरॉईड ऑपरेशनं करणाऱ्या हातांत त्याचे धोके बरेच कमी होतात. गाठ लहान आहे, थायरॉईडच्या आत आहे, चित्र स्वच्छ आहे, तर भाकिताचा आकडा काहीही म्हणो, तो पट्टा न उघडणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना हे विचारा. माझा कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे? सोनोग्राफीत फक्त थायरॉईड पाहिलं, की मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथीही पाहिल्या? संशयास्पद ग्रंथीची सुईची तपासणी आणि थायरोग्लोब्युलिन झालं का? ग्रंथी काढणार असाल तर कोणत्या भागातल्या, आणि दिसल्या म्हणून की अंदाजानं? ऑपरेशननंतर कॅल्शियम कधी तपासणार? प्रश्न विचारल्यानं चांगला डॉक्टर रागावत नाही. उत्तरं फाइलमध्ये लिहून घ्या, आणि मगच स्वारगेटहून परतीची गाडी पकडा.